साडेसहा हात कळक

राया झोऱ्याला ही गोष्ट सांगायची नव्हती. एकदा तालुक्याच्या माणसाला सांगितली, तर त्यानं लिहून घेताना निम्मी गाळली. एकदा फोटोवाल्याला सांगितली, तर तो मधेच उठून मावळतीचे फोटो काढायला गेला. आता तिसऱ्यांदा मागं लागलात. आणि वर म्हणता, थोडक्यात सांग. थोडक्यात काय सांगायचं? बायकोची मांडी काय थोडक्यात मोडली होती?

तर ऐका.

“उस्ताद, सही करणार आहात की नाही?”

हे विचारणारा होता ऋतुराज मोहिते. उभा होता, आणि हात कमरेवर होते.

ज्याला विचारलं तो बसलेला होता. बाबालाल मुजावर. घाटमाथ्यावर पीराचा लहानसा दर्गा आहे, त्याची दिवाबत्ती हा बघतो. त्याआधी चाळीस वर्षं धरणाच्या कॅम्पात जीपगाड्या दुरुस्त केल्या. हात कापायला लागले तेव्हा पाने खाली ठेवले आणि इथं येऊन बसला. पण उस्ताद म्हणायचं कुणी सोडलं नाही. घाट चढून आलेला प्रत्येक ड्रायव्हर दर्ग्यापुढं गाडी थांबवतो, पीराला हात जोडतो आणि उस्तादकडं बघतो. उस्ताद जागचा उठत नाही. इंजिन ऐकतो आणि सांगतो, “मागचं डावं चाक बघ.” चाक सैल असतंच.

ऋतुराज कॉलेजात असताना तीन उन्हाळे ह्याच उस्तादच्या हाताखाली राबला. पाने ओळखायला तो शिकला ते इथंच. पुढं मोठा इंजिनिअर झाला, पुण्याकडच्या कंपनीत गेला आणि तीन वर्षं खपून डोंगरातल्या कामासाठी एक गाडी बनवली. गाडी शेवाळी रंगाची. दर्ग्यापुढं उभी होती.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या पठारावरच्या, आठ वाड्यांना अशा पाच गाड्या मिळणार होत्या. दुखणाईत माणूस खाली आणायला, धान्य वर न्यायला, विजेचे खांब ओढायला. कागदावर तीन सह्या लागत होत्या. दोन साहेबांनी आधीच केल्या होत्या. तिसरी उस्तादची, कारण गाडी कळणारा माणूस ह्या डोंगरात तोच.

सही झाली तर पुढची दहा वर्षं हीच गाडी. नाही झाली तर फाईल दुसऱ्या डोंगराला.

राया पायरीवर बसून होता. त्यालाही गाडी पाहिजे होती, हे लक्षात ठेवा. ज्याला गाडी नको असते तो रागावत नाही. तो उठून जातो.

“दोन सह्या झाल्यात,” ऋतुराज म्हणाला.

“व्हय. बघितल्या.”

“मग?”

“ते साहेब गाडीत बसून आले. बसून आलेल्याला गाडी चांगलीच वाटती.”

ऋतुराज हसला. मोठ्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचं म्हणून माणूस हसतो, तसा.

“तुम्ही स्वतः खाली झोपून बघितली ना, उस्ताद?”

“बघितली.”

“कशी आहे?”

“खालनं झकास हाय. पोट उचललेलं हाय, दगड लागायचा न्हाई. स्प्रिंगचे पाटे दणकट. चारी चाकांना जोर हाय. लो गिअर टाकला की मुंगीगत चढती. खालनं काय नाव ठेवायला जागा न्हाई.”

“आणि वरून?”

“वरनं ती मोटार हाय.”

“गाडीच आहे ती, उस्ताद.”

“गाडी कामाला जाती. मोटार लग्नाला जाती.”

धुळा येडगे फिसकन हसला. धुळा, जानू कोकरे, रायाचा भाऊ बिरू आणि राया, चौघांना उस्तादनं निरोप धाडून बोलावलं होतं. का बोलावलं ते सांगितलं नव्हतं. तिघं भिंतीच्या सावलीत बसले होते. ऋतुराजनं त्यांच्याकडं बघितलं आणि तोंड वळवलं. तीन दिवसांपूर्वीचं त्याच्याही डोक्यात होतं.

तीन दिवसांपूर्वीचं सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला काय कळणार आहे.

रायाची बायको ठकूबाई गवताचा भारा घेऊन उतरत होती. जांभ्याच्या दगडावर पाय सरकला. मांडी मोडली. आवाज राया गोठ्यात होता तिथवर आला.

आणि नेमकी त्याच दिवशी शेवाळी गाडी चाचणीला वाडीवर आलेली. ऋतुराज स्वतः चालवत होता. वाडीतल्या बाया म्हणाल्या, देवानंच धाडली.

चौघांनी झोळी बांधली. आमच्यात झोळी म्हणजे कळकाचा, म्हणजे बांबूचा, दांडा, साडेसहा हात लांब, त्याला घोंगडीची दोन्ही टोकं आवळायची, मधे माणूस. दोघांनी खांदा द्यायचा, दोघं मोकळे चालणार. खांदा बदलायचा तो चालता चालता. कारण एकदा घरातनं उचललेली झोळी वाटेत जमिनीला टेकवायची नाही. वाटेत टेकवतात ती तिरडी. तिच्यासाठी विसाव्याचा दगड आहे, ओढ्याच्या अलीकडं. जिता माणूस टेकवायचा तो डॉक्टरच्या उंबऱ्यावर, नाहीतर घरच्या.

ठकूबाईला गाडीपाशी आणली. ऋतुराजनं मागचं काचेचं झाकण उघडलं. आत सामानाचा हौदा, चार-साडेचार फूट. त्यात फ्रीजसारखी थंड पेटी बसवलेली. तिच्यापुढं सीट, सीटपुढं आणखी सीट. दांडा आत घातला तर निम्मा बाहेर.

“झोळी खाली ठेवा,” ऋतुराज म्हणाला. “त्यांना उचलून मधल्या सीटवर बसवा.”

“बसवायची कशी? मांडी मोडलीया.”

“हळूच. आधी खाली तर ठेवा.”

“खाली ठेवायची न्हाई, साहेब.”

“का?”

रायानं सांगितलं. वर सांगितलं तेच.

ऋतुराजनं ऐकलं आणि मग जे म्हणाला, ते आठ वाड्यांनी ऐकलं. निदान रायाला तरी तसंच वाटतं.

“अडाणी लोक आहात. तुमच्यासाठी गाडी बनवणंच चूक. ह्याला बायकोपेक्षा बांबू मोठा.”

बायकोपेक्षा बांबू मोठा.

बेचाळीस वर्षांचा संसार. कळक खांद्यावर, त्याला बायको लटकलेली, ती दात आवळून गप, आणि विशीतिशीतलं पोरगं वर तोंड करून हे म्हणतं. रायाला त्याच्या कानाखाली द्यायची होती. पण खांद्यावर दांडा होता. हात मोकळा नव्हता.

तर चौघांनी झोळी तशीच खाली नेली. पायवाटेनं नाही, गाडीच्या रस्त्यानं, कारण पायवाटेला ओढ्यात पाणी होतं. सहा कोस. आणि मागनं शेवाळी गाडी. लो गिअरात, मुंगीगत, काचा बंद, आत गार वारं. दुखणाईत माणसासाठी बनवलेली गाडी दुखणाईत माणसाच्या मागं मागं रिकामी.

दर्ग्यापाशी आले तेव्हा उस्ताद बाहेर आला. आधी झोळी बघितली, मग गाडी बघितली.

“वरात कुणाची?” त्यानं विचारलं.

चौघं तसेच पुढं चालले.

तालुक्याच्या डॉक्टरनं पाय प्लास्टरात घातला. म्हणाला, बरं झालं हलवाहलव केली नाही. हे रायानं मुद्दाम चार जणांना सांगितलं.

तर आता तिसरा दिवस. ऋतुराज कमरेवर हात ठेवून उभा, उस्ताद बसलेला, आणि सहीचा कागद मधे, दगड ठेवून दाबलेला.

“उस्ताद, मी तुमचा आदर करतो,” ऋतुराज म्हणाला. “पण हे अंधश्रद्धेचं आहे. गाडीचा काय दोष? टेकवली असती झोळी, तर काय झालं असतं?”

उस्तादनं कागदावरचा दगड सरळ केला.

“काय झालं असतं, सांगा ना. आभाळ कोसळलं असतं?”

“मला काय म्हाईत. मी कधी झोळीत झोपलो न्हाई.”

मग तो बिरूकडं वळला.

“घोंगडी आणलीया का रं?”

“आणलीया.”

“बांध.”

बिरूनं आणि जानूनं भिंतीला टेकवलेला तोच कळक घेतला आणि झोळी बांधली. उस्ताद दर्ग्यात गेला आणि दोन कामट्या घेऊन आला, ऊद जाळताना राख ओढायच्या. डोक्याचं फडकं सोडलं.

“ऋतुराज, झोप.”

“कुठं?”

“झोळीत.”

“उस्ताद, मी…”

“तीन उन्हाळे म्या सांगितलं ते केलंस. आज चौथा धर.”

ऋतुराज झोळीत शिरला. पँट कडक इस्त्रीची. घोंगडी टोचली असणार, कारण लगेच चुळबुळायला लागला. उस्तादनं त्याच्या उजव्या पायाला कामट्या लावल्या आणि फडक्यानं आवळल्या, मांडीपासून घोट्यापर्यंत. गाठ पक्की बसली.

“माझा पाय मोडलेला नाही,” ऋतुराज म्हणाला.

“न्हाई. पण वाकायचा बंद झालाय.”

“आणि आता?”

“आता तुझ्या कागदात लिवलंय तसं. ‘रुग्णास मधल्या आसनावर बसवावे.’ तूच लिवलंयस. बस.”

पुढचा खांदा रायाला घ्यायला लागला. मागचा बिरूनं घेतला. उचललं. ऋतुराज दिसतो त्यापेक्षा जड होता. माणसाच्या अकलेचं वजन नसतं, ही एक सोयच आहे.

गाडीपाशी नेलं. जानूनं मधलं दार उघडलं. दार चांगलं रुंद, पायरी उंच, आपोआप खाली येणारी.

राया दारापुढं आडवा झाला. दांडा दाराला लागला. मागं सरला. बिरू वळला. दांडा आरशाला लागला.

“आरसा सांभाळा,” झोळीतनं आवाज आला.

तिरपं करून बघितलं. ऋतुराजनं दोन्ही हातांनी छताची कड धरली आणि अंग ओढलं. डोकं आत गेलं. बांधलेला पाय बाहेर राहिला, बंदुकीच्या नळीसारखा. ढुंगण अधांतरी. पाय वाकवला की कामट्या रुतत होत्या. धुळानं खालून उचललं, तर ऋतुराज ओरडला, “तिथं धरू नको.”

“मग कुठं धरू?” धुळा म्हणाला. त्याला खरंच कळायला पाहिजे होतं.

मागनं बघितलं. झाकण उघडलं. थंड पेटी आडवी आली.

“ही काढा,” ऋतुराज म्हणाला.

“कशी काढायची?”

“चार नट आहेत.”

“पाना?”

नटांची डोकी चांदणीच्या आकाराची होती. त्यांचा पाना कंपनीत मिळतो.

उस्ताद दगडावर बसून सगळं बघत होता.

ऊन कलायला लागलं. एकदा खांदा बदलला, चालता चालता नाही, पण हलत हलत. धुळा पुढं आला, राया बाजूला झाला. दुसऱ्यांदा बदलला. राया पुन्हा पुढं. त्याच्या मानेवरनं घाम उतरत होता आणि मागनं ऋतुराजचा श्वास ऐकू येत होता.

“बास,” ऋतुराज म्हणाला. “कळलं मला. ठेवा खाली.”

कुणी ठेवलं नाही.

“अरे, ठेवा खाली. उस्ताद, सांगा ह्यांना.”

“ठेवा रं,” उस्ताद म्हणाला. “त्योच म्हणतोय.”

बिरूनं रायाकडं बघितलं. आता बघा. रायाच्या खांद्यावर तो माणूस होता. खाली खडीचा रस्ता होता. ज्यानं बायकोपेक्षा बांबू मोठा म्हटलं, तोच बांबू, त्याच बांबूला तोच लटकलेला, आणि तो स्वतःच म्हणतोय, ठेव. खांदा नुसता एका बाजूला कलवायचा होता. वर्षभर पोटात गार वाटलं असतं.

“न्हाई,” राया म्हणाला. “जिता माणूस हाय.”

“राया, अरे मी धडधाकट आहे.”

“तसं समदेच म्हणत्यात.”

“मग किती वेळ धरून उभे राहणार?”

“डॉक्टर घावंपातुर.”



मग उस्ताद उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. दर्ग्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

“माझा उंबरा चालंल का, राया?”

रायानं विचार केला. पीराचा उंबरा. चालेल.

तिथं नेऊन टेकवली. दगड गार होता. ऋतुराज लगेच उठला नाही. कामट्या सोडल्या तरी पाय सरळच ठेवून बसला, छताकडं बघत.

“काय करू?” त्यानं विचारलं. ही विचारण्याची तऱ्हा वेगळी होती.

उस्तादनं कळक उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“माप सांगा, उस्ताद. मी लिहून घेतो.”

“माप न्हाई. कळक ने.”

“एवढा मोठा बांबू पुण्याला नेऊ? माप पुरेल.”

“माप वहीत ऱ्हातं. ह्यो आडवा येतो.”

मग ऋतुराज कळक घेऊन गेला. आत मावला नाही. टपावर बांधला. घाट उतरताना पुढचं टोक बोनेटच्या वर हलत होतं, हे रायानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली.

सही झाली नाही. फाईल थांबली. तालुक्यातनं दोनदा माणूस आला, उस्तादवर डाफरला. एक साहेब म्हणाला, “तुम्ही अडाणी माणसं विकास अडवताय.” उस्तादनं त्याला चहा पाजला आणि जाताना त्याच्या गाडीचा पट्टा सुटत आलाय म्हणून सांगितलं. पट्टा तिसऱ्या वळणावर सुटला. वाडीतल्या लोकांचाही धीर सुटत आला होता. जानू तर रायाला तोंडावर म्हणाला, “तुझ्या हट्टापायी गाडी गेली.” राया त्याच्याशी आठ दिवस बोलला नाही.

शिमगा झाला. ठकूबाई काठी टेकत अंगणात फिरायला लागली. आणि एका सकाळी उस्तादनं मान वर केली.

“आली,” तो म्हणाला.

“कशावरनं?” राया तिथंच होता. हल्ली तिथंच असायचा.

“आवाज हलका झालाय. लई काय काय उतरून आलीया.”

गाडी आली. आधी ओळखू येईना. सोललेल्या बोकडासारखी दिसत होती. काचेचं झाकण गेलं, थंड पेटी गेली. मधली सीट भिंतीला चिकटवून दुमडायची केलेली. आतला मऊ गालिचा जाऊन नुसता पत्रा, खाली पाणी जायला भोकं, बादली ओतली की धुऊन मोकळी. बोनेट उघडलं तर वरचं प्लास्टिकचं झाकण नाही, इंजिन समोर. नट साधे, गावच्या पान्यानं फिरणारे.

आणि छताला दोन कड्या. एक मागच्या तोंडाशी, एक पुढं, ड्रायव्हरच्या डाव्या खांद्याशेजारी. दोन्हीला जुन्या टायरचं रबर गुंडाळलेलं. कळक मागनं आत सारायचा, दोन्ही कड्यांत बसवायचा. झोळी खांद्यावरनं थेट गाडीत. जमिनीला टेकायचा प्रश्नच नाही.

ऋतुराज वाळला होता. डोळ्याखाली काळं आलेलं. कंपनीतले लोक म्हणाले म्हणे, ही गाडी विकायला कोण उभं राहील, दिसायला खटारा. हा त्यांच्याशी भांडला. तिथल्या मोठ्या साहेबांना कळक दाखवला, आणि त्यांनी तो कचऱ्यात टाकायला सांगितला तर टाकला नाही, परत आणला. राया कडू माणूस असेल, पण हे तो ऋतुराजच्या नावावर लिहितो. जे केलं ते केलं.

“झोळी बांधा,” उस्ताद म्हणाला. “कोण झोपतंय?”

“मी झोपतो,” धुळा म्हणाला.

“तू कशाला?” ठकूबाई काठी टेकत पुढं आली. “हाड माझं मोडलं. पारख मी करणार.”

“अगं, आत्ता कुठं पाय जुळलाय,” राया म्हणाला.

“जुळलाय न्हवं? मग गप ऱ्हावा.”

ती झोळीत शिरली. उचलली. कळक मागनं आत गेला, पहिल्या कडीतनं, दुसऱ्या कडीत, खट्ट बसला. राया शेजारी पत्र्यावर बसला, एक हात घोंगडीवर. ऋतुराजनं गाडी घाटात घातली. खालपर्यंत आणि परत. जिथं खड्डा आला तिथं गाडी आदळली, राया आदळला, त्याचं डोकं दोनदा छताला लागलं. झोळी मात्र नुसती झुलली.

दर्ग्यापाशी आले. सगळे जमले.

“कसं वाटलं, ठके?” उस्तादनं विचारलं.

ठकूबाईनं घोंगडीतनं तोंड बाहेर काढलं.

“ह्यांच्या खांद्यापरास बरं.”

लोक हसले. राया हसला नाही. त्याला वाटलं, बेचाळीस वर्षांत एकदा तरी हे वाक्य उलटं ऐकायला पाहिजे होतं.

उस्तादनं कागद मागवला. मांडीवर फळी घेतली. पेन धरला तेव्हा हात कापत होता, मग डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरला आणि सही केली. बाबालाल मुजावर. अक्षरं वाकडी, पण पूर्ण.

टाळ्या वाजल्या. पाच गाड्या पक्क्या झाल्या. बाया म्हणाल्या, झालं एकदाचं.

ऋतुराज उस्तादच्या पाया पडला. मग सगळ्यांना गाडीच्या मागं नेलं. तिथं पत्र्याची एक पाटी ठोकलेली होती. ‘झोळीची कडी. कल्पना व रचना : ऋतुराज मोहिते.’ त्यानं ती बाहीनं पुसली. उस्तादनं पाटी वाचली. सावकाश वाचली…

मग पेढ्यांची खोकी निघाली. बिरूला एक दिलं, त्याच्याशी हात मिळवला. जानूला दिलं. धुळाला दिलं, वर “कुठं धरू विचारत होतास ना” म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. धुळा खूश.

मग रायापुढं आला. रायाचं वय त्याच्या बापापेक्षा जास्त.

“घे रे,” ऋतुराज म्हणाला. “झाली ना तुझ्या बांबूची गाडी?”

रायाचे हात मागं बांधलेले होते. तसेच राहिले.

“घे की.”

राया एक पाऊल मागं सरला.

“अजून राग आहे का? अरे, तेव्हा मी घाईत होतो. आणि एवढं सगळं केलं की नाही? अख्खी गाडी बदलली. कंपनीशी भांडलो. आणखी काय पाहिजे माणसाला?”

ठकूबाई झोळीतनं उतरली होती. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिनं ते बांबूचं वाक्य त्या दिवशी झोळीतनं ऐकलं होतं. मांडीपेक्षा ते जास्त लागलं, असं तिनं एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही.

पेढ्याचं खोकं दोघांच्या मधे, ऋतुराजच्या हातात. हात दुखायला लागला असणार. त्यानं ते गाडीच्या पत्र्यावर ठेवलं आणि उस्तादकडं वळला.

“उस्ताद, तुम्हीच सांगा. सही झाली, गाडी झाली. आता राहिलं काय?”

उस्तादनं पेनाचं टोपण लावलं. फळी बाजूला ठेवली.

“गाडीचं काय बी ऱ्हायलं न्हाई. ऱ्हायलाय त्यो ऋतुराज मोहिते दुरुस्त व्हायचा.”